शिरोळच्या रस्त्यावरचा प्रसाद

मी सायकलपटू आहे, व्यावसायिक. म्हणजे शर्यतीत सायकल चालवून पोट भरतो, निदान भरायचा प्रयत्न करतो. त्या वर्षी तोही संपत आला होता. वय एकतीस, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, आणि जुन्या संघाने करार पुढे वाढवला नव्हता. माझे वडील इचलकरंजीत यंत्रमागावर आहेत. ते एकदाच म्हणाले, "बास झालं आता. न्हाय जमलं तर माझ्यासंगं शिफ्टला ये." बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. एका नव्या संघाची निवड चाचणी तेवढी उरली होती आणि ती नेमकी गुरुवारी आली.

आमच्या घरी गुरुवार दत्ताचा. दिवसभर उपास, संध्याकाळी आरतीनंतर सोडायचा. एरवी सरावाच्या दिवशी मी केळी, साबुदाण्याची खिचडी खायचो, घरात कुणी काही म्हणत नसे. पण त्या दिवशी मी देवाशी सौदाच केला. आरतीपर्यंत पाण्याशिवाय काही घेणार नाही, तू मला संघात घे. पावणेदोनशे किलोमीटर, रिकाम्या पोटी! इतकी वर्षं सायकलवर काढलेल्या माणसाला हे कळू नये? कळत होतं हो. पण भक्तीच्या नावाखाली मला देवावर उपकार चढवायचे होते. आज लिहितानाही लाज वाटते.

कोल्हापूर ते शिरोळ असं दोनदा जाऊन यायचं होतं. पहिली फेरी झकास गेली, मी पुढच्या तिघांत होतो. दुसऱ्या फेरीत शिरोळच्या अलीकडे हातपाय गार पडले, डोळ्यांपुढे अंधारी आली. बाकीचे सायकलपटू आणि प्रशिक्षकांची गाडी बघता बघता दिसेनाशी झाली. मी उसाच्या बांधावर बसलो आणि चक्क रडलो. दत्तावर चिडलोही.

तेवढ्यात नृसिंहवाडीहून दर्शन घेऊन परतणारा एक टेम्पो थांबला. त्यातून एक म्हातारी उतरली.

"काय पावणं, चक्कर आली व्हय?" तिने पिशवीतला पुडा सोडून कवठाची बर्फी माझ्यापुढे धरली.

"उपास हाय, आज्जी."

"कुनाचा?"

"दत्ताचा."

"आन् ह्यो परसाद कुनाचा हाय? त्येच्याच दारातनं आणलाय की! त्यो देतोय आन् तू त्यालाच न्हाय म्हंतोस? लई शाणा हाईस!"

प्रसाद नाकारायचा नसतो, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. मी हात पुढे केला. एक वडी खाल्ली, मग दुसरी, मग अख्खा पुडा संपवला. घरच्यांसाठी नेत असलेला प्रसाद तिने मला भरवला, हे टेम्पो निघून गेल्यावर लक्षात आलं. मी तिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

बर्फीत साखर होती, तिने ताकद आली, एवढं मलाही समजतं. पण ती म्हातारी नेमकी त्याच बांधापाशी का उतरली, याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि मी ते शोधतही नाही.

मी उठलो, उरलेली फेरी पुरी केली आणि सर्वांत शेवटी पोचलो. प्रशिक्षक थांबले होते. त्यांना उपासाचं सगळं खरं सांगितलं. ते भयंकर चिडले, "पुन्हा असला येडेपणा करशील?" मी नाही म्हणालो. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. संघाला जिंकणारा मिळाला होता. त्याच्यासाठी वारा अडवणारा, मागच्या गाडीतून पाणी आणि खाणं पुढे पोचवणारा गडी हवा होता. "मोडून पडल्यावरबी परत सायकलवर बसलास, म्हणून तू," ते म्हणाले. एरवी मला हा अपमान वाटला असता. त्या दिवशी मी लगेच हो म्हणालो.

करारावर सही झाल्यावर वडिलांना घेऊन नृसिंहवाडीला गेलो. पादुकांसमोर हात जोडले, पण मागण्यासारखं काही सुचेना. नुसतं उभं राहणंच फार बरं वाटत होतं. रांगेतला एक जण मागून ओरडला, "सरका की पावणं, किती मागताय?"

आयुष्यात पहिल्यांदाच मी तिथे काहीही मागत नव्हतो.