प्रमुख पाहुणे स्वयंपाकघरात

हजार माणसांतून मी त्याला ओळखीन, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. त्या दिवशी हॉलमध्ये दीडशेच माणसं होती.

पण आधी 'तो' कोण, ते सांगते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा मिशिगनमध्ये ट्रॉयला राहायचो. सुधीर, म्हणजे आमचे हे, गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर, मी एका डेंटिस्टकडे रिसेप्शनवर आणि नऊ वर्षांची रश्मी शाळेत. त्या वर्षी मे महिन्यात माझे सासरे, नाना, नागपूरहून सहा महिन्यांसाठी आले. नाना बांधकाम खात्यातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले होते, पण ते फक्त पोटापुरतं. खरा जीव नाटकात. चाळीस वर्षं हौशी रंगभूमीवर कामं केली आणि त्या चाळीस वर्षांत एकदाही नायक झाले नाहीत. पोस्टमन, हवालदार, घरगडी, भटजी, फार तर 'आम्ही आमच्याकडून सगळे प्रयत्न केले' एवढं सांगून निघून जाणारा डॉक्टर. त्यावर त्यांची काही तक्रार नव्हती. पोस्टमन आलाच नाही तर नायकाला पत्र कोण देणार, असं म्हणायचे.

आता असा माणूस ट्रॉयच्या घरात दिवसभर एकटा काय करणार? आम्ही तिघं सकाळी बाहेर पडलो की नाना टीव्ही लावून बसायचे. दुपारी काउबॉयच्या जुन्या मालिका पुन्हा दाखवत. घोडे, धूळ, पिस्तुलं आणि ढोसायला बसलेली माणसं. इंग्रजी संवाद नानांना निम्मेच कळत, पण पंधरा दिवसांत त्यांनी एक माणूस हेरला. सोमवारी तो शेरीफ होता. मंगळवारी बँक लुटणारा दरोडेखोर. बुधवारी दारुडा डॉक्टर, गुरुवारी शवपेट्या ठोकणारा सुतार. एका भागात तर त्याने दोन भावांची कामं केली आणि स्वतःच स्वतःला गोळी घातली! (नानांनी तेव्हा उभं राहून टाळ्या वाजवल्या.) दाढी वेगळी, आवाज वेगळा, चाल वेगळी. नायक तेवढा रोज तोच. नाना म्हणाले, हा आपल्यातला आहे. त्यांनी त्याचं नाव ठेवलं 'बहुरूपी'.

त्याचं खरं नाव मी इथे सांगणार नाही. पुढे जे घडलं त्याची वाच्यता करणार नाही, असा शब्द मी त्याच्या मुलीला दिला होता. (शब्द पाळतेच आहे. नाव सोडून बाकी सगळं सांगतेय.)

तर ही मुलगी, म्हणजे चांगली पंचेचाळिशीची बाई, आमच्या डेंटिस्टकडे दात दाखवायला आली. बोलता बोलता म्हणाली, वडील आता थकलेत, हॉलिवूड सोडून माझ्याकडेच राहायला आलेत, पूर्वी टीव्हीवर काउबॉयच्या मालिकांत कामं करायचे. मी विचारलं, कुठल्या मालिकेत? ती म्हणाली, सगळ्याच. बहुतेक भागांत मरायचे. माझ्या हातातलं पेनच गळून पडलं.

घरी येऊन नानांना सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "सूनबाई, नायकांचे सत्कार जन्मभर पाहिले. अशा माणसाला शाल कोणी घातलेली मी पाहिली नाही. जायच्या आधी एवढं मला माझ्या हातानं करू दे."

नानांचं परतीचं विमान नोव्हेंबरातलं, बुधवारचं. आणि आमच्या मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम त्याच्या आदल्या शनिवारी. मी मंडळाची सेक्रेटरी. प्रमुख पाहुणे नाहीत असा मराठी कार्यक्रम पृथ्वीच्या पाठीवर कुठेही होत नाही, आणि आम्हाला तर पाहुणा मिळतच नव्हता! मी बहुरूपीच्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, बाबांना फार आनंद होईल, आजकाल त्यांना कोणी बोलावत नाही. दुपारी सोडते, पाचला न्यायला येते.

मग नानांनी शाल आणली, तीही मला बरोबर घेऊन, तीन दुकानं पालथी घालून. नारळ मिळाला तो साफ टकला. शेंडीशिवाय श्रीफळ कसलं, म्हणून नानांनी त्याला सुतळीची शेंडी चिकटवली! सात वाक्यांचं इंग्रजी भाषण लिहिलं आणि ते रोज बाथरूमच्या आरशासमोर म्हणू लागले. रश्मी बाहेरून ओरडायची, "आजोबा, आय नीड टु ब्रश!" आणि मी मंडळभर सांगत सुटले की पाहुण्यांना आणायची काळजी नको, मी त्याला हजार माणसांतून ओळखीन.

शनिवार उजाडला. आम्ही एका शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता. त्या दिवशी मला तीन अमेरिकन माणसांची वाट बघायची होती. एक म्हणजे प्रमुख पाहुणे. दुसरा शाळेचा माणूस, कारण बाहेरच्यांनी स्वयंपाकघर वापरलं तर शाळेचा एक माणूस तिथे हजर राहणार, असा त्यांचा नियम. आणि तिसरा हीटिंगवाला, कारण सकाळी हॉलमध्ये पाऊल टाकलं तर आत बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी. फोन करून त्याला मीच बोलावलं होतं. एवढं लक्षात ठेवायला काही फार डोकं लागत नाही.

पहिल्यांदा स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने एक म्हातारबाबा आले. बुटके, टक्कल पडलेले, जाड चष्मा, राखाडी स्वेटर. अदबीने म्हणाले, कार्यक्रमासाठी आलोय, कुठे थांबू? शाळेने अगदी शहाणा माणूस पाठवला, असं मला वाटलं. मी म्हटलं, थांबू नका, ते समोशांचे ट्रे तिकडच्या टेबलावर न्या. 'येस मॅम' म्हणून त्यांनी ट्रे उचलले. मग खुर्च्या लावायला सांगितल्या, त्या लावल्या. चिवडा द्रोणांत भरायला सांगितला, तोही भरला, आणि आमच्या कमिटीतल्या बायकांपेक्षा सारखा भरला. नाना तिथेच चहाच्या पातेल्याजवळ शाल घेऊन बसले होते. जाताना मी नानांना सांगून गेले, याच्याकडे लक्ष ठेवा, जरा हळू आहे.

पुढच्या दारी पोचले, तर समोर साक्षात बहुरूपी! सहा फूट उंची, झुबकेदार मिशा, कमरेला पितळी बक्कल, पायात काउबॉयचे बूट. मी हार घेऊन धावलेच. तो म्हणाला, बॉयलर बघायला आलोय. मी मनात म्हटलं, वा! केवढा मोठा नट, अजून भूमिकेतून बाहेर आलेला नाही! मी खळखळून हसले आणि हार घातला. तो पुन्हा म्हणाला, बॉयलर कुठाय? मी आणखी हसले. तोवर अध्यक्ष डॉक्टर बापट आले, बायका आल्या, कुंकू लागलं, अत्तर लागलं, कोणी तरी गुलाबपाणी शिंपडलं आणि पाच-सहा जणांनी त्याला हाताला धरून स्टेजवर नेऊन बसवलं. एवढा आग्रह झाल्यावर भलाभला माणूस बसतो. तोही बसला आणि हातात दिलेली करंजी खाऊ लागला.

आता सत्कार. पण शालही नाही आणि नानाही नाहीत! मी डॉक्टर बापटांना चिठ्ठी पाठवली, 'थोडं ताणा.' ही चिठ्ठी पाठवायची काहीच गरज नव्हती. महाराष्ट्राच्या इतिहासापासून सुरुवात करून विसाव्या मिनिटाला ते जेमतेम पेशवाईपर्यंत आले होते. इकडे हॉल गारठत चालला. पैठण्यांवर कोट चढले, कोटांवर मफलर आले. पेटी वाजवणाऱ्या मुलीने हातमोजे घातले. सुधीर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, तुझा तो हीटिंगवाला अजून कसा आला नाही? मी म्हटलं, या लोकांना कामाची शिस्तच नाही. हे मी स्टेजकडे बघत म्हटलं, आणि स्टेजवरून हीटिंगवाल्याने मला हात हलवला.

नानांना शोधत मी स्वयंपाकघराचं दार उघडलं. फरशीवर नाना आडवे पडलेले, एक हात छातीवर, तोंड उघडं. त्यांच्या शेजारी शाळेचा तो म्हातारा पालथा, तोही निपचित. बुधवारचं विमान, सासूबाईंना करायचा फोन, सगळं डोळ्यांसमोरून गेलं आणि मी जी किंकाळी फोडली ती पेशवाई भेदून शेवटच्या रांगेपर्यंत पोचली.

आमच्या मंडळात तेव्हा दर तिसरा माणूस डॉक्टर होता. सगळे धावले. हार्टवाले, हाडांवाले, भूलवाले, डोळेवाले, शिवाय फिजिक्समधले एक पीएच.डी., जे 'डॉक्टर' अशी हाक ऐकली की सवयीने उठतात. हार्टवाल्यांनी नानांचं मनगट धरलं, हाडांवाल्यांनी म्हाताऱ्याचा गुडघा. भूलवाले म्हणाले, सगळे मागे व्हा, हवा येऊ द्या. (हवेची काही कमतरता नव्हती. बर्फगार हवा होती.)

नानांनी एक डोळा उघडला. "काहून ओरडून राहिलीस?"

"नाना! तुम्हाला काय झालं?"

"काही नाही. नाटकाची प्रॅक्टिस. जा बाप्पा सगळे, खुर्च्यांवर बसा."

डॉक्टर मंडळी पुटपुटत परत गेली. म्हातारबाबाही उठून बसले आणि चष्मा शोधू लागले. तेव्हा कुठे मला दिसलं, की त्यांच्या अंगावर शाल आहे. मांडीशी सुतळीच्या शेंडीचा नारळ आहे. माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडायला लागला, आणि तो पडूच नये असं फार वाटत होतं.

"नाना, हे..."

"तेच. ट्रे उचलून चालायला लागले तेव्हाच ओळखलं मी."

"पण कशावरून? हे त्याच्यासारखे मुळीच दिसत नाहीत!"

"अगं, तो कधी कोणासारखा दिसतो? चालण्यावरून ओळखलं." नाना त्यांच्याकडे बघत होते. "ट्रे घेऊन गेले न तुझ्या समोरून, तेव्हा खांदा वळवून, जरा वाकून गेले. तुझ्या तोंडावर सावली पडू दिली नाही. नायकाच्या पुढून असं जावं लागतं. ही सवय मरेपर्यंत जात नाही. मी पण तसाच चालतो, तुमच्या कोणाच्या लक्षात आलं नसेल."

खरंच आलं नव्हतं. सहा महिने घरात चालत होते, आणि मला वाटत होतं त्यांची कंबर धरलीय.

दोघं तासभर तिथे होते. नानांनी सात वाक्यं म्हटली, शाल घातली, आणि मग भाषा संपली तेव्हा एकमेकांना आपापली मरणं करून दाखवायला लागले. गोळी लागून, विष पिऊन, आणि मी दार उघडलं तेव्हा तिसरं, म्हातारपणाने आलेलं. मी रडवेली होऊन विचारलं, मला का नाही सांगितलंत? नाना म्हणाले, सांगितलं असतं तर तू त्यांना स्टेजवर नेलं असतंस आणि बापटांच्या भाषणात ते खरोखरच गेले असते.

मी बहुरूपींचे हात धरून दहा वेळा माफी मागितली. ते म्हणाले, उलट बरं वाटलं. आयुष्यभर दिग्दर्शक हेच सांगत आले, तिकडे उभा राहा, ते उचल. खूप दिवसांनी काम मिळाल्यासारखं वाटलं. मग चष्मा पुसत, अगदी गंभीर चेहऱ्याने त्यांनी विचारलं, "मॅडम, या भूमिकेत पुढे काय आहे?"

आता अशा वेळी एखादी समजूतदार बाई काही तरी सुंदर बोलली असती. पण पाचला हॉल स्वच्छ करून द्यायचा होता, शाळेचा खरा माणूस अजूनही उगवलाच नव्हता, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कॉफीच्या मशीनखाली थोडं सांडलंय."

त्यांनी पुसलं. शाल सावरून पुसलं. नाना बादली धरून शेजारी उभे होते. पाचला त्यांची मुलगी आली तेव्हा दोघं मिळून टेबलं आवरत होते.

त्याआधी मी हॉलमध्ये परत आले होते, तर स्टेजवरची खुर्ची रिकामी. प्रमुख पाहुण्यांना शूटिंगसाठी लवकर निघावं लागलं, असं डॉक्टर बापटांनी जाहीर करूनही टाकलं होतं. दहा मिनिटांनी जमिनीतल्या जाळ्यांमधून गरम हवा यायला लागली. मंडळातल्या कोणालाच काही कळलं नाही, आणि ते कळू द्यायची मलाही घाई नव्हती.

बुधवारी नाना नागपूरला परत गेले. वर्षाचा अहवाल लिहिणं सेक्रेटरीचं काम. मी दोन दिवस पेन चावत बसले आणि मग लिहिलं, 'प्रमुख पाहुण्यांनी कार्यक्रम यशस्वी होण्यास मोलाचा हातभार लावला.' दोघांपैकी कोणालाही प्रमुख पाहुणा माना, त्यात एक अक्षर खोटं नाही.