लाल बल्बखाली धुतलेले रोल

मी कलाकार आहे, हे घरात फक्त मलाच माहीत होतं. मीरा रोडच्या शांती नगरात राहायला आलो तेव्हा आसपास मिठागरं होती. दर रविवारी गळ्यात कॅमेरा अडकवून मी मिठाच्या ढिगांसमोर उकिडवा बसायचो. कॅमेरा चोरबाजारातला, जुना, जर्मन. त्यातला उजेड मोजणारा काटा कधीच मेलेला. "काटा नवशिक्यांना लागतो," असं मी ऑफिसात सांगायचो आणि स्वतः आभाळाकडे बघून डोळे बारीक करायचो.

भाईंदर पूर्वेच्या एका स्टुडिओवाल्याने माझे फोटो फिकट काढून दिले, तेव्हा मी दुकानात उभा राहून त्याला सुनावलं, "आप लोग रंगों का खून करते हो."

तो पान लावत म्हणाला, "तो घर पे कर लो ना, साहब."

मग मी फोर्टातून रसायनं आणली आणि रंगीत फिल्म घरीच धुऊ लागलो. पहिल्या रोलमध्ये आई, धाकटी बहीण आणि मी खोकल्याच्या औषधात बुडवून काढल्यासारखे आलो. त्याला मी 'टोन' म्हणालो.

"दादा, मला कावीळ झालीये का रे?" बहिणीने विचारलं.

"गप गं. त्याला कळतंय त्यातलं," आई म्हणाली.

वडील गेलेले, मी थोरला. त्यामुळे मला कळतं, हे ठरलेलंच होतं.

पुढे बहिणीचं लग्न ठरलं. मुलगा परभणीचा. ते लोक फोटोग्राफर आणणार होते, मीच त्यांना अडवलं. "घरात माणूस असताना भाडोत्री कशाला?" बहीण जरा घाबरली होती. म्हणाली, "दादा, आईबाबांच्या लग्नाचा एक फोटो नाही आपल्याकडे. माझे तरी नीट येऊ देत."

गोडदेवच्या हॉलमध्ये मी जो काही धुमाकूळ घातला, तो आठवला की अजून मान खाली जाते. पांढऱ्या साडीतली नवरी टिपणं ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही, असं येईल त्या पाहुण्याला ऐकवत होतो. हारही मी पुन्हा घालायला लावले. भंतेजी वंदना थांबवून माझ्याकडे बघत राहिले. नवरदेवाचा मामा म्हणाला, "लगीन लावायलेत का शूटिंग?" मी हसलो. अडाण्यांना काय कळणार!

बहीण पहिल्या माहेरपणाला आली, त्याच दुपारी मी लग्नाचे दोन्ही रोल धुवायला घेतले. तिला दाखवायचं होतं ना.

रीत सोपी आहे. काळोखात फिल्म टाकीत भरायची. झाकण लागलं की उजेडाचं भय संपलं. मग आधी डेव्हलपर ओतायचं, त्याने चित्र उमटतं. नंतर ब्लीच-फिक्स, त्याने फिल्मवरची उरलेली चांदी निघून जाते. क्रम उलटला तर चित्र उमटायच्या आधीच धुऊन जातं. दोन्ही रसायनं कोकम सरबताच्या रिकाम्या बाटल्यांत होती, वर माझ्या सुंदर अक्षरातल्या चिठ्ठ्या. चिठ्ठ्या भाताच्या शितांनी डकवलेल्या. बाटल्या गरम पाण्याच्या बादलीत ठेवल्या, शितं सुटली आणि चिठ्ठ्या पाण्यावर तरंगू लागल्या.

तरीही बिघडलं नव्हतं. एक रसायन जवळजवळ पाण्यासारखं, दुसरं काळ्या चहासारखं. आंधळ्यालाही फरक कळावा. पण मी मोरीत लाल बल्ब लावला होता. रंगीत फिल्मला त्याचा काडीचा उपयोग नसतो. झाकण लागल्यावर साधा दिवा चालतो, हे मला पक्कं माहीत होतं. पण साध्या दिव्याखाली माणूस चड्ड्या धूत बसल्यासारखा दिसतो. लाल उजेडात शास्त्रज्ञ वाटतो. मोरीत मला बघणार कोण होतं, कोण जाणे! त्या उजेडात दोन्ही बाटल्या सारख्याच दिसत होत्या. मी अंदाज घेतला.

टाकी हलवत होतो, तेवढ्यात वरच्या मजल्यावरून हाक आली, "भाभी, पानी आ गया!" आमच्याकडे नळ अर्धा तास यायचा, आणि पिंप मोरीत.

आई दारावर. "बाबा, पाणी आलंय. उघड की."

"थांब जरा!"

"मी थांबंन. पाणी थांबतंय व्हय?" तिने दार ढकललं. मी ओरडलो. तिने घाबरून लगेच ओढून घेतलं.

सगळं उरकून फिल्म खिडकीपाशी नेली. नुसती नारिंगी, आरपार. त्यातून समोरची बिल्डिंग दिसत होती. उजेड लागलेली फिल्म काळी ठिक्कर पडते. म्हणजे दार नव्हे, बाटली. मला त्याच क्षणी कळलं.

"आले का, दादा?" बहीण मागे उभी होती.

मी म्हणालो, "आईनं दार उघडलं."

बस, एवढंच. बघा, शब्द तरी खोटा आहे का? दार उघडलंच होतं.

"दोन मिनिटं थांबता आलं नाही तुला?" बहीण आईला म्हणाली. आई ओल्या हातांनी तशीच उभी. पिंप रिकामं राहिलं.

परभणीला सासूने बहिणीला वर्षानुवर्षं टोमणे मारले, "लगीन झालं का न्हाई, काय पुरावा?" इकडे मी आईला एका शब्दानेही बोललो नाही, म्हणून नातेवाइकांत माझं कौतुक झालं. तेही मी घेतलं.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा बहिणीने घर बांधलं. आई जायला तयार होईना. म्हणाली, "तिच्या भिंतीवर तिच्या लग्नाचा फोटू न्हाई. कुठं बघत बसू मी तिथं?"

तेव्हा मी सांगितलं. बाटल्या, चिठ्ठ्या, लाल बल्ब, सगळं. काळी फिल्म आणि आरपार फिल्म यांतला फरक दोनदा समजावला. आई मेथी निवडत ऐकत होती. मग हसली.

"किती खोटं बोलशील रे माझ्यापायी?"

"आई, खरं सांगतोय."

"मला न्यायचंय म्हणून बोलायलास. कळतंय मला."

ती उठली, हात पुसले आणि माझ्यासमोर परभणीला फोन लावला. "अगं, तुझा दादा बघ. माझी चूक अजून आपल्या अंगावर घ्यायलाय. असा भाऊ मिळाया नशीब लागतंय." रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"दादा, राहू दे ना आता," पलीकडून बहीण म्हणाली. "मी आईला कधीच माफ केलंय."

आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हणालो, "बरं."