गणपतीपुळे काकू

परवा पप्पा घरी आले. तेव्हापासून हे लिहीन म्हणतेय… बोलायला मला जमत नाही, लिहून बघते.

पप्पा टुरिस्ट गाडी चालवतात. मार्चपासून गाडी धायरीत आमच्या बिल्डिंगखाली कव्हर घालून उभी होती. आता कुठे लोकांचे फोन सुरू झाले होते… दिवाळीत कुठे जाता येईल, हॉटेलं उघडलीत का, पास लागतो का. आणि नेमके पप्पाच पॉझिटिव्ह निघाले.

ॲम्ब्युलन्समध्ये चढताना त्यांनी खिशातला फोन काढून माझ्या हातात दिला. म्हणाले, "पार्टीचा फोन आला तर उचल." पार्टी म्हणजे त्यांचं गिऱ्हाईक. घरात चालू फोन तेवढा एकच. ॲम्ब्युलन्स गेल्यावर आईच्या आणि माझ्या डोक्यात आलं… आता पप्पांशी बोलायचं कसं?

दाराला स्टिकर लागला, आम्ही दोघी चौदा दिवस आत. हॉस्पिटलचा नंबर लागलाच तर "स्टेबल आहेत" एवढंच कळायचं. आई दिवसभर फोनकडे बघत बसायची… आणि वाजला की पार्टीचाच असायचा.

मला बोलायचीच भीती वाटते, फोनवर तर जास्तच. नववीत शाळा सोडली ती पण त्यामुळेच, सर उभं करायचे आणि माझा आवाजच निघायचा नाही. म्हणून मी फोन कट करायचे आणि व्हॉट्सॲपवर उत्तर लिहायचे. ताम्हिणीतून जावं का, लहान मुलं असली तर किती वाजता निघावं… पप्पांचं ऐकून ऐकून सगळं पाठ आहे. लोक "थँक्यू सर" लिहायचे.

एक सांगायचं राहिलं. पप्पांच्या फोनमध्ये कुणाचंच खरं नाव नाही. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, ट्रिपा राहतात. म्हणून 'अष्टविनायक सर', 'महाबळेश्वर उलटी', असे नंबर आहेत.

चौथ्या दिवशी 'गणपतीपुळे काकू' असा फोन आला. मी कट केला. परत आला, परत कट. तिसऱ्यांदा आईनेच उचलून माझ्या कानाला लावला.

"बोलणार आहात, की नुसता श्वास ऐकवणार?"

मी कसंबसं म्हटलं, पप्पा नाहीयेत, मी त्यांची मुलगी. काकू कसबा पेठेत राहतात. त्यांचे मिस्टर नुकतेच कोरोनातून उठले होते आणि काकूंनी त्यांना कबूल केलं होतं, बरे झालात की समुद्र. बाबा नाहीत तर तू सांग म्हणाल्या, कसं जायचं ते.

मी सांगायला लागले. पहाटे निघायचं, नाश्ता कराडला, आंबा घाटाच्या आधी पोटभर खायचं नाही. काकांना पुढे बसवा. पप्पा डॅशबोर्डवर लिंबू ठेवतात, वळणं सुरू झाली की ते नाकाशी धरायचं… एवढं मी आयुष्यात कुणाशी सलग बोलले नव्हते.

"कितीदा गेलीस गं तू?"

"एकदाही नाही. मी समुद्रच बघितलेला नाही."

काकू म्हणाल्या, "बाबा कुठे आहेत?"

मग मी सगळं सांगितलं. रडले पण. काकूंनी धीरबीर काही दिला नाही… हॉस्पिटल कुठलं ते विचारलं, वॉर्ड विचारला. काका होते तेच हॉस्पिटल निघालं.

आणि मग काकू रस्ता सांगायला लागल्या. मेन गेटला जायचंच नाही, तिथे नुसती गर्दी. मागच्या बाजूला छोटं दार आहे, तिथे सकाळी दहानंतर सामान घेतात. पिशवीवर दोन्ही बाजूंनी पूर्ण नाव लिहायचं, नाहीतर भलत्याच माणसाकडे जाते. तिथल्या मावशींना आधी नमस्कार करायचा, मग काम सांगायचं.

मी ऐकतच राहिले. पप्पांना जसे घाट पाठ आहेत, तसं काकूंना ते हॉस्पिटल पाठ होतं… मी म्हटलं, पण आम्हाला बाहेर पडता येत नाही.

"ते कळलं मला. तुम्ही दोघी बसा घरात. मी जाते."

दुसऱ्या दिवशी दुपारी अनोळखी नंबर आला. आईने माझ्याकडे बघितलं… पहिल्यांदाच मी पहिल्या रिंगला उचलला.

"पार्टीचा फोन आला होता का?"

पप्पा! आवाज बसलेला, दोन शब्दांवर धाप लागत होती… पण पप्पाच. आई तर नुसती फोन धरून बसली.

मागच्या दाराने आलेल्या पिशवीत काकांनी वॉर्डात वापरलेला साधा फोन होता, सिम आणि चार्जरसकट. चिठ्ठी नव्हती. पण एक लिंबू होतं.

पप्पा म्हणाले, "लिंबू बघितलं आणि कळलं, कुणीतरी आपल्या गाडीत बसलेलं माणूस आहे. नाकाशी धरलं… वासच येत नाही गं. तरी उशाशी ठेवलंय."

मी सांगितलं, गणपतीपुळे काकू. पप्पांनी ते नाव दोनदा म्हणून बघितलं. मग म्हणाले, "एकदाच बसल्या होत्या त्या. तीन वर्षं झाली."

एकदाच… मला अजून खरं वाटत नाही. एकदा घाटात कुणाला लिंबू दिलं, तर ते तीन वर्षांनी असं परत येतं?

परवा घरी आल्या आल्या पप्पांनी आईकडून लिंबू मागून घेतलं. साल नखाने खरवडली, डोळे मिटून वास घेतला. आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत उभ्या. म्हणाले, "येतोय… थोडा."

डिसेंबरात काकूंची ट्रिप ठरलीय. त्यांनी फोन करून एकच अट घातली. पुढच्या सीटवर मी बसायचं. काकांना घाटात त्रास होतो ना, असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, "होऊ दे. त्यांनी बघितलाय समुद्र."

काकूंचं खरं नाव मला अजून माहीत नाही. विचारायचा धीर होत नाही… पण लिंबं या वेळी मी नेणार आहे.