फुकट कागद वाचणारा वकील

बीडात व्यापाऱ्यांचे दावे लढणारा हा वकील दर रविवारी चौसाळ्याच्या स्टँडावर आमा अंगठेवाल्यांचे कागद फुकट वाचतो. चष्मा कपाळावर, बोट ओळीवर, अन् दर ओळीला "बरं, पुढं." फुकट म्हनलं की मला शंका येती, मी सोता कुनाला फुकट रामराम घालत न्हाई.

माज्या हाटेलाची जागा एका शेठला भाड्यानं द्यायची व्हती. येळ वाचावा म्हनून अंगठ्याला घरूनच शाई लावून गेलतो. वकिलानं शेठनं धाडलेला भाड्याचा कागद बघितला अन् आपल्या रुमालानं माजा अंगठा पुसला.

"मामा, हा कागद मीच केलाय, शेठसाठी. दुसऱ्या वकिलाकडून वाचून घ्या."

"दुसरा कोन?" हे बी मी त्यालाच इचारलं. त्यानं लगीच नाव सांगितलं.

आठ दिस झाले, त्या दुसऱ्याच्या दारावरून नुसत्या चकरा मारतोय. त्यो बी ह्या पहिल्या वकिलाचाच मानूस निघाला तर?