शाकाहारी घरातला गोळीबार

आमच्या लिंगायत घरात अंडंसुद्धा उंबरा ओलांडून आत येत नाही. कोल्हापुरात राहून तांबड्या रश्श्याच्या नुसत्या वासावर आम्ही पिढ्या काढल्या. अशा घरात एका रविवारी दुपारी मी दुकानातून लवकर परतलो, आणि स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज कानावर पडला, "तू डावीकडनं जा. ह्याच्या डोक्यात मी घालते."

मी चपला पायात तशाच ठेवून उभा राहिलो. ही बाई झुरळालासुद्धा केरसुणीनं दारापर्यंत पोचवून येते. आत डोकावलो, तर कानाला हेडफोन, हातात मोबाईल, समोर अर्धी निवडलेली मेथी, आणि पडद्यावर माणसं धडाधड पडतायत. मला बघून तिनं हातानंच थांबायची खूण केली. तीस वर्षांत पहिल्यांदा.

आता, माझा एक सिद्धांत होता आणि तो मी गल्लीत प्रत्येकाला ऐकवलेला होता. ज्याच्या पोटात राग साठलेला असतो, त्यालाच असले खेळ आवडतात. ह्याच सिद्धांतानं माझा घात केला होता. माझी मुलगी पुण्यात, असले खेळ तयार करणाऱ्या कंपनीत चित्रं काढते. जयसिंगपूरला एका लग्नात, भर पंगतीत कुणीतरी विचारलं, पावणं, पोरगी काय करती? पंगत दिसली की मला स्टेज दिसतं. मी उभा राहिलो, हात पसरले आणि म्हणालो, "माणसं मारायच्या कारखान्यात हाय. घरात आम्ही बी जपूनच बोलतोय."

हशा असा उसळला की वाढपी जागेवर थांबले. मुलगी माझ्या शेजारच्याच पानावर होती. ती पान अर्धं टाकून उठली, आणि त्याला आता आठ महिने झाले. आईला फोन येतो. मी उचलला की कट होतो.

खेळ संपल्यावर मी विचारलं, कोणाशी बोलत होतीस? बायको म्हणाली, तुमच्या लेकीशी. दर रविवारी तीन वाजता दोघी तासभर खेळतात म्हणे. त्या खेळातल्या भिंती, विहिरी, झाडं लेकीनं काढलेली आहेत. मला न कळवता माझ्या घरात आठ महिने लढाई चालली होती. मी चिडून विचारलं, एवढा राग आहे का तुझ्या पोटात?

तिनं मेथीची जुडी पुढं ओढली. "राग कशाला लागतोय? गप लपून बसायचं, बारीक आवाज ऐकायचा, समोरचा आता काय करणार ते आधी ओळखायचं. लग्न झाल्यापास्नं तेच करत आले की."

मी ठरवलं, पुढच्या रविवारी मी खेळणार. माझ्याच सिद्धांताप्रमाणे, माझ्यासारख्या तापट माणसानं मैदान मारायला हवं होतं. आठवडाभर दुकानात सराव केला आणि आठवडाभर मेलो. दारातून बाहेर पडलो की मेलो. गच्चीवर चढून ऐटीत उभा राहिलो, मेलो. एकदा तर माझाच बॉम्ब माझ्याच पायाशी पडला. गिऱ्हाइकं ताटकळत होती आणि मी मोबाईलला शिव्या घालत होतो. हुपरीचे एक चांदी कारागीर तांदूळ घ्यायला आले होते. दिवसभर मान खाली घालून पैंजणाच्या कड्या जोडणारा, शब्दाला महाग माणूस. "बघू," म्हणाले, मोबाईल घेतला, एका झुडपात बसले आणि तांदूळ मोजून होईपर्यंत सात जण आडवे केले. मग नम्रपणे मोबाईल परत दिला. माझा सिद्धांत तिथंच तांदळाच्या पोत्यावर गतप्राण झाला.

रविवारी तीन वाजता हेडफोन मी घातला. मी हॅलो म्हणालो. कोण बसलंय ते तिनं ओळखलं होतं, पण कट केलं नव्हतं. मी चार दिवस घोकलेलं भाषण सुरू केलं, "बाळ, त्या दिवशी लग्नात मी जे बोललो..." आणि मेलो. दुसरा डाव. घसा खाकरला, "बाळ, पंगतीत माणसाला भान..." पुन्हा मेलो. आयुष्यात मला वाक्याच्या मध्ये कुणी थांबवलं नव्हतं. तिसऱ्या डावात माझा आवाज इतका चढला की शेजारीण खिडकीत आली. माफी मागत होतो की भांडत होतो, माझं मलाच कळेना.

तेव्हा कानात आवाज आला. "अप्पा, त्या भिंतीमागं खाली बसा. आणि बोलू नका."

मी बसलो. भिंतीला शेवाळ होतं, आमच्या परसातल्या विहिरीला आहे तसंच, खालून वर चढत गेलेलं. पलीकडं तिचा श्वास ऐकू येत होता. बायकोनं मेथी बाजूला सारून चहा ठेवला. तेवढ्यात समोरून एक शत्रू इतक्या डौलात चालत आला की हुबेहूब जयसिंगपूरच्या त्या लग्नातला वरबापच. ओठावर असं फर्मास वाक्य आलं की काय सांगू.

मी ते गिळलं.