कडुनिंबाखालची मोट

भोकरदनच्या भीमनगरात कौसल्याबाईच्या दारात एक पिकप उभी होती आणि तिच्यातलं इंजिन काही केल्या बाहेर यायचं नाव घेत नव्हतं. सकाळी सहापासून चौघे बाप्ये त्याच्याशी झोंबत होते. सगळे नट सुटले होते, गिअरबॉक्स वेगळा झाला होता, रेडिएटर काढून ओट्यावर ठेवला होता. आता नुसतं उचलायचं राहिलं होतं. पण सहा मणांचं ते धूड डिझेलनं असं माखलं होतं, की धरावं तर नुकत्याच जन्मलेल्या पारडासारखं हातातून निसटे.

"एक, दोन, तीन... हईशा!" देवानंद, कौसल्याबाईचा मुलगा, ओरडला.

चौघे कण्हले. इंजिन वीतभर वर आलं. तिघांचे हात घसरले, चौथ्याचं धोतर सुटलं आणि इंजिन 'धप्' करून परत आपल्या जागी जाऊन बसलं.

"अरं, आधी ठरवा," शेजारच्या ओट्यावरून गिरिजाबाई म्हणाली, "इंजिन धरायचं का धोतर?"

सगळी गल्ली फिसकन हसली. उंबऱ्यावर मिसरी लावत बसलेली कौसल्याबाई तेवढी हसली नाही. तिचा जीव त्या इंजिनात अडकला होता आणि त्याला कारणीभूत तिचंच तोंड होतं.

झालं असं होतं, की मागल्या जयंतीला बाबासाहेबांचा फोटो पाटलाकडून मागून आणलेल्या बैलगाडीवर निघाला होता. दरसाल तसाच निघे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पण कौसल्याबाईनं भर चौकात, ढोलकी थांबवून, सांगून टाकलं होतं, "पुढच्या साली फोटो आपल्या सोताच्या गाडीवर. माझ्या देव्याच्या. लिहून ठेवा!" कुणी लिहून ठेवलं नाही, पण विसरलंही कुणी नाही. देवानंद जालन्यात दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. आईचा शब्द पडू नये म्हणून त्यानं ही जुनी पिकप घेतली, निळा रंग फासला, आणि जयंतीच्या आधी आठ दिवस इंजिनानं ठोका धरला. ठक्-ठक्, ठक्-ठक्. जालन्याचा मिस्त्री म्हणाला होता, "नुसतं इंजिन आणून टाका. नऊ तारखेला सांजच्यापत्तोर माझ्या दारात आलं तर तेराला घेऊन जा. दहाला आणलं तर मंग जयंती झाल्यावरच या."

आज एकोणीसशे शहात्तर सालच्या एप्रिलची नऊ तारीख होती. अकरा वाजता कचरू ड्रायव्हरचा सरकीचा ट्रक जालन्याला निघणार होता. आणि आता नऊ वाजले होते.

"आत्याबाई," सून सत्यशीला हळूच म्हणाली, "पाटलाची बैलगाडी सांगून ठेवायची का? फोटोसाठी?"

"तोंड धू तू!" कौसल्याबाई म्हणाली, आणि मिसरीचं बोट तसंच हवेत धरून उभी राहिली. "थांब. गाडी न्हाई. बैल. नुसते बैल सांगायचे."

"बैल? इंजिनाला?"

"आन् मोटंचा नाडा. आन् चाक. सगळं पाटलाच्या गोठ्यात धूळ खात पडलंय."

मोट म्हटलं, की कौसल्याबाईच्या पाठीचा कणा सरळ होई. रामराव पाटलाच्या विहिरीवर तिचा नवरा मोट हाकायचा. तो गेला, त्याच्या तेराव्या दिवशी ती स्वतः नाड्यावर जाऊन बसली. बाईमाणूस मोट हाकतं म्हणून लोक बांधावर येऊन बघत उभे राहत. रामराव म्हणे, "बघा, बघा, तिकीट न्हाई. बैल तिचं ऐकून राह्यले, मंग तुमचं काय जातंय?" अकरा वर्षं तिनं मोट हाकली. बैल उतारानं खाली पळत, ती मागं दोरावर बसून झोके घेई, मोट वर येऊन थारोळ्यात भसाभसा ओतली जाई. मग दोन वर्षांमागं पाटलाच्या विहिरीवर डिझेल इंजिन आलं आणि कौसल्याबाई मोटेवरून उतरली, ती खुरपायलाच लागली.

अर्ध्या तासात रामराव स्वतः बैल घेऊन आला. मागं गड्याच्या खांद्यावर नाडा आणि लाकडी चाक.

"रामराम, कौसल्याबाई."

"जय भीम, पाटील. बसा."

"बसतो कशाला? माझ्या इंजिनानं तुझी मोट बंद पाडली, आता तू मोटंनं इंजिन काढून राह्यली. हे बघायला मी उभा राहतो."

बैलांची नावं फौजदार आणि चिमण्या. फौजदार मिशीवाल्यासारखा ऐटीत चाले आणि चिमण्या त्याच्याकडे बघून चाले. कौसल्याबाईचा आवाज ऐकला तसे दोघांनी कान टवकारले.

"वळखलं का रे मला, मुडद्यांनो?" तिनं फौजदाराच्या वशिंडावर थाप मारली. फौजदारानं तिच्या पदराला जीभ लावली.

दारातल्या कडुनिंबाच्या जाड फांदीला चाक बांधलं. नाडा चाकावरून घेऊन इंजिनाच्या साखळीला अडकवला. समोरची गल्ली ओढ्याकडे उतरत होती, बैलांना उतरायला धाव आयतीच मिळाली. देवानंद म्हणाला, "माय, बैल लागलीच हाणू का?"

"हात लावशील तर बघ! पाटलाच्या विहिरीची धाव बावीस पावलं. हे दोघं बावीस पावलं गेल्याबिगर थांबायचे न्हाईत, त्यांच्या बापानं सांगितलं तरी. आपल्याला इंजिन पाच पावलं वर पाहिजे. मंग सतरा पावलं नाडा ढिला सोडायचा. कळलं का, डायवर?"

"आन् न्हाई थांबले बाविसाला?"

"मंग इंजिन चिमणीच्या खोप्यात."

ती नाड्यावर बसली. पन्नाशीची बाई, लुगड्याचा काचा मारून, झोपाळ्यावर बसावी तशी. "हैऽऽ, चल माझ्या फौजदारा!" बैल निघाले. सगळी गल्ली मोजू लागली. "पंधरा, सोळा, सतरा!" नाडा ताठ झाला, कडुनिंब कुरकुरला आणि इंजिन पिकपच्या पोटातून असं अलगद वर आलं, की जणू कुणी गुळाची ढेप काढली. "एकवीस, बावीस!" बैल थांबले. अगदी बराबर. इंजिन हवेत, चार हात उंच, थेंब थेंब डिझेल गाळत.

काय तो कल्ला! देवानंदनं टोपी उडवली. धोतरवाल्यानं टाळ्या वाजवल्या, धोतर धरायचं सोडून. "ढकला पिकप मागं!" कौसल्याबाई ओरडली.

आणि नेमकं त्याच वेळी गिरिजाबाईनं भांडी विसळलेलं पाणी घंगाळातून गल्लीत ओतलं. भस्स!

फौजदारानं कान हलवले. चिमण्यानं फौजदाराकडे बघितलं. आणि दोघे शांतपणे, काम झाल्याच्या समाधानात, मागं मागं चालू लागले.

"अरे! अरे! हो! हो!" कौसल्याबाई नाड्यावरून उडी मारून बाजूला. इंजिन झुलत झुलत खाली उतरलं आणि जिथून निघालं होतं, तिथंच, नव्या नवरीसारखं, जाऊन बसलं. एक स्क्रूसुद्धा वाकला नाही.

सगळ्यांच्या माना गिरिजाबाईच्या ओट्याकडे वळल्या.

"गिरिजे!" कौसल्याबाई कडाडली. "तुझं घंगाळ!"

"मी काय केलं, बाई? मी तर बैलाकडं बघितलं बी न्हाई!"

रामराव ओट्यावर आडवा होऊन हसत होता. डोळ्यांतून पाणी. "अगं, मोट वतल्याचा आवाज आला ना त्यांना! अकरा वर्षं तेच ऐकलंय. पाणी पडलं, की मागं फिरायचं!"

कौसल्याबाईनं घंगाळाकडे बघितलं, मग बैलांकडे. हळूहळू तिच्या तोंडावर हसू फुटलं. आधी एका गालावर, मग दुसऱ्यावर, मग पोट धरून. "देव्या, मंग तर सोन्याहून पिवळं! पाणी पडलं न्हाई, तवर हे हलायचे न्हाईत. आन् पाणी पडलं, की अलगद खाली. दुसरं काय पाहिजे? सत्यशीले, घंगाळ भरून ठेव. गिरिजे, तू त्याच्या जवळ बी यायचं न्हाई. गल्लीत कुणी थुंकायचं बी न्हाई!"

साडेदहा वाजले. पुन्हा बावीस पावलं, पुन्हा इंजिन हवेत. आता गल्लीत चिडीचूप. गिरिजाबाईनं तर तोंडावर पदर धरला, श्वासाचासुद्धा आवाज नको म्हणून. एक पोर रडायला लागलं, त्याला तीन घरं पलीकडे पळवलं. चौघांनी पिकप ढकलून बाजूला केली. बैल पुतळ्यासारखे उभे, फक्त कान मागं वळवलेले, पाण्याची वाट बघत.

अकराला पाच कमी असताना कोपऱ्यावर कचरूच्या ट्रकचा हॉर्न वाजला. "कुठंय तुमचं इंजिन? मला जल्दी निघायचंय!"

"वर बघ!" देवानंद म्हणाला.

कचरूनं काचेतून मान बाहेर काढून वर बघितलं आणि त्याच्या तोंडातली बिडी खाली पडली. "हे काय, फळ लागलंय का लिंबाला?"

"मागं घे ट्रक. फळाखाली. सरळ ये. हळू! अजून एक हात. बास!"

कचरूनं ट्रक लावला. मागं सरकीच्या पोत्यांमध्ये मोकळी जागा होती, तिथं इंजिन नेमकं डोक्यावर आलं. कौसल्याबाईनं बैलांच्या मागं जाऊन नाडा हातात धरला.

"सत्यशीले, वत!"

भस्स!

बैल मागं आले. इंजिन पोत्यांमध्ये उतरलं, गादीवर झोपवावं तसं. कौसल्याबाईनं फौजदाराच्या कपाळाला कपाळ टेकवलं आणि निघालेल्या ट्रकच्या मागं नऊ बोटं नाचवत ओरडली, "मिस्त्रीला सांग, नऊ तारीख हाय! नऊ!"

तेराला इंजिन परत येऊन पिकपमध्ये बसलं आणि चौदा तारखेला सांजच्याला निळी पिकप भीमनगरातून निघाली. इंजिनाचा ठोका गेला होता, आता नुसतं गुरगुरत होतं. वर फोटो, फोटोला झेंडूचे हार, मागं ढोलकी आणि लेझीम. आणि सगळ्यांत पुढं कौसल्याबाई, नव्या पांढऱ्या लुगड्यात, जणू पिकप तिच्याच नाड्यानं बांधलीय. चौकात आल्यावर तिनं ढोलकी थांबवली. तिला काही बोलायचं नव्हतं, फक्त सगळ्यांनी बघावं एवढंच होतं. सगळ्यांनी बघितलं.

धूळ बसावी म्हणून रस्त्यावर पाणी टाकायला बायांनी घागरी उचलल्या, कौसल्याबाईनंही. सत्यशीला पहिली घागर ओतणार, तोच पलीकडच्या ओट्यावरून रामराव ओरडला,

"अगं ए पोरी! पाणी वतू नको! गाडी मागं येईल!"

देवानंदनं गाडीतूनच हात जोडले. कौसल्याबाईनं आपली घागर सगळ्यांच्या आधी, दोन्ही हातांनी, रस्त्यावर भसकन ओतली आणि पिकप त्या ओल्या मातीवरून थेट पुढं निघाली.