पार्बताबाईंचं भिजवलेलं कापड

पार्बताबाई कापड आधी भिजवायच्या, वाळवायच्या आणि मगच विकायच्या. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, त्यांचं गोधड्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली, पुढे ओटा, मागे लहानसं अंगण आणि अंगणात पाण्याचे तीन निळे ड्रम. गोधडीला लागणारं सगळं तिथे मिळायचं. वरच्या बाजूचं छापील सुती कापड, अस्तर, आत घालायला जुनी धुवट लुगडी, जाड दोरा, सुया. सांगितलं तर त्या शिवूनही देत.

व्यापाऱ्याकडून नवं ठाण आलं की त्या ते रात्रभर पाण्यात ठेवत. सकाळी खळ पूर्ण निघेपर्यंत खंगाळत आणि अंगणातल्या दोरीवर टाकत. दहा मीटरचं ठाण वाळल्यावर साडेनऊ मीटर भरायचं. ती घट किमतीत धरावी लागे, म्हणून त्यांचं कापड बाजारापेक्षा महाग पडे. शिवाय ते दिसायलाही मऊ आणि जरा चुरगळलेलं. नवं गिऱ्हाईक हमखास विचारायचं, हे वापरलेलं आहे का?

"वापरलेलं नाई," पार्बताबाई म्हणत, "शिकवून ठेवलेलं हाये. तुमच्या घरी जाऊन आंग चोरनार नाई."

यामागचं कारण साधं आहे. गोधडीच्या आत जुनी लुगडी असतात. त्यांचं आटायचं ते वर्षानुवर्षं धुवून आटून झालेलं असतं. वर कोरं कापड न भिजवता शिवलं तर पहिल्याच धुण्यात ते आकसतं, आतलं तसंच राहतं, टाके तुटतात आणि सगळ्या गोधडीला गाठीगाठी येतात. मला हे माहीत नव्हतं. मी बी.ए. आहे, अठ्ठावीस वर्षं संसार केलेली आहे, पण गोधडी मी फक्त पांघरली होती.

पार्बताबाई मूळच्या नांदगाव खंडेश्वरकडच्या. घरी काळी जमीन, पाच बहिणी, त्यांत या तिसऱ्या. सतराव्या वर्षी लग्न होऊन अकोल्यात आल्या. नवरा पुंजाजी एका मोठ्या कापड दुकानात कापड मोजून फाडून द्यायला होते. तीस वर्षं त्यांनी तेच काम केलं. मालकाच्या मुलांनी दुकान बदलून तयार कपड्यांचं केलं तेव्हा मोजणाऱ्या माणसाची गरज उरली नाही. निघताना पुंजाजींना उरलेल्या तुकड्यांची दोन पोती मिळाली. त्या पोत्यांतून हे दुकान सुरू झालं. पुंजाजींना जाऊन अकरा वर्षं झाली. मुलगा श्याम अमरावतीला नोकरीला आहे. तो आईला कायमचं तिकडे बोलवत होता आणि त्या दरवेळी पुढच्या दसऱ्याचं नाव सांगत होत्या.

मी तिथे पहिल्यांदा गेले ती सासूबाईंची लुगडी घेऊन. त्या गेल्यानंतर वर्षभर कपाटात पडलेल्या लुगड्यांची गोधडी करून घ्यावी असं वाटलं. गाठोडं जड होतं, म्हणून अदितीला सोबत नेलं. खरं म्हणजे गाठोडं हे निमित्त होतं.

अदिती माझी मुलगी. वय सव्वीस. पुण्याची नोकरी सोडून ती घरी आली तेव्हापासून फारशी बोलत नव्हती. तिथे काय झालं हे तिने मला आजही पूर्ण सांगितलेलं नाही. खोलीचं दार लोटून पडून राहायची. मी दाराबाहेर उभी राहून पंख्याच्या आवाजामागे तिचा श्वास ऐकू येतो का ते बघायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज बाहेर पडू द्या म्हणाले. पण कुठे जाणार? ओळखीचं कोणी भेटलं की पहिला प्रश्न नोकरीचा, दुसरा लग्नाचा.

त्या दिवशी पार्बताबाई ओट्यावर एक मोठी गोधडी पसरून बसल्या होत्या. भोवती चार-पाच बाया शिकत होत्या. अदिती खांबाला टेकून उभी होती. पार्बताबाईंनी तिला नोकरी विचारली नाही, लग्न विचारलं नाही, नावसुद्धा विचारलं नाही.

"काहून उभी हायेस वं तू? हे टोक धर. हललं की टाका वाकडा जाते."

अदिती बसली. दीड तासाने मी निघू या म्हटलं तर म्हणाली, तू जा, मी येते. वर्षभरात ती पहिल्यांदा माझ्याशिवाय कुठेतरी थांबली होती. मी पुलापर्यंत गेले आणि तिथे रस्त्याच्या कडेला उभी राहिले. ती येताना दिसली तशी पटकन रिक्षा करून तिच्या आधी घरी पोचले.

मग ती मंगळवारी जाऊ लागली, नंतर शुक्रवारीही, नंतर जवळजवळ रोज. मीही अधूनमधून शिकायला बसू लागले. शिकवण्याचे पैसे पार्बताबाई घेत नसत. कापड आपल्या दुकानातलं घ्यावं एवढीच त्यांची अपेक्षा, आणि तीही त्या बोलून दाखवत नसत. ओट्यावर हसणं-बोलणं भरपूर चाले. गोधडी चारी बाजूंनी बंद करायच्या आधी पार्बताबाई शेवटच्या कोपऱ्यात पोळीचा कोरडा तुकडा घालत, गोधडी उपाशी राहू नये म्हणून. मैना नावाची एक शिकणारी होती, जिभेची तिखट. ती म्हणायची, "मावशी, उंदरायले पत्रिका बी धाडून द्या." एकदा अशाच एका बोलण्यावर मी अदितीला मोठ्याने हसताना ऐकलं.

माझ्या मुलीचं सगळं बरं होणं त्या ओट्यावर उभं होतं. हे मला पक्कं माहीत होतं, आणि तरी मी पुढचं केलं.

गेल्या वर्षी अमरावतीला नात्यातलं लग्न होतं. तिथल्या ठोक बाजारात तसलंच छापील सुती कापड दिसलं, मीटरमागे चाळीस रुपये कमी. कोरं, कडक, चकाकणारं. मी बारा मीटर घेतलं. आमच्या घरात चाळीस रुपयांना किंमत आहे. अदितीच्या गोळ्या, डॉक्टर, सगळं एका पगारात बसवायचं असतं. तेव्हा मला आपण हुशारी केली असंच वाटलं. वाटलं ते वाटलं, मी ते ओट्यावरच्या बायांनाही सांगितलं. मैनाने वीस मीटर मागवलं. मग एकीने मोबाईलवर त्याहून स्वस्त शोधून काढलं. दोन-तीन महिन्यांत ओट्यावर बसलेल्या एकीच्याही मांडीवर पार्बताबाईंच्या दुकानातलं कापड उरलं नाही. फक्त दोरा तेवढा त्यांचा.

मी पहिल्यांदा अमरावतीचं कापड पुढे केलं तेव्हा पार्बताबाईंनी ते दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं आणि बाजूला ठेवलं. चांगलं आहे म्हणाल्या. दोन दिवस इथेच राहू दे, मग सुरू करू. प्रत्येकीला त्या हेच सांगत. आम्हाला वाटायचं त्या कापायला ठेवून घेतात; परत येताना ते मऊ का झालेलं असतं, हे कोणी विचारलंही नाही.

या मे महिन्यात आमच्याकडे नळ सहाव्या दिवशी येत होता. एका दुपारी अदिती फोन उचलेना. एकदा, दोनदा, सहादा केला. माझ्या डोक्यात काय काय आलं ते लिहिणार नाही. तशीच उन्हात पूल ओलांडून दुकानाशी आले. शटर अर्धं खाली होतं. वाकून आत गेले, खोलीत कोणी नव्हतं. मागच्या अंगणात आवाज आला.

दोन घमेल्यांत कापड भिजत होतं. पाणी खळीने दुधासारखं पांढरं झालेलं. पार्बताबाई पाटावर बसून एक एक पदर पिळत होत्या आणि अदिती, जिला घरी मी भरलेली बादली उचलू देत नाही, ती गल्लीच्या टोकाशी आलेल्या टँकरवरून दोन कळश्या भरून आणत होती. दोरीवर निळ्या फुलांचं कापड वाळत होतं. मी ते लगेच ओळखलं.

"हे आपलंच आहे, आई," अदिती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता.

मग तिच्याकडूनच कळलं. आम्ही आणलेलं प्रत्येक स्वस्त कापड पार्बताबाई या अंगणात भिजवत होत्या, खंगाळत होत्या, वाळवत होत्या, घडी घालून आम्हाला देत होत्या. आठ महिने. आधी एकट्या, आणि अदितीला कळल्यापासून दोघी मिळून. तीन ड्रमांपैकी दीड ड्रम आमच्या कापडाला जात होता. उरलेल्यात त्या सहा दिवस स्वयंपाक, आंघोळ भागवत होत्या.

मी कशीबशी म्हणाले, तुम्ही मला सांगितलं का नाही?

पार्बताबाईंनी हात पदराला पुसले. "सांगतलं असतं त तुमाले लाज वाटली असती, ताई. मंग तुमी इकडे फिरकल्या नसत्या. तुमी नाई आल्या त चालते. पन पोरगी बी आली नसती."

मी पाटाशेजारी ओल्या फरशीवर बसले. त्यांनी चहा टाकला, आणि चहा पितानाही त्या मलाच समजावत होत्या, की कोरं कापड तसंच शिवून दिलं असतं तर गोधड्या बिघडल्या असत्या आणि नाव त्यांचं खराब झालं असतं, म्हणजे त्यांनी केलं ते स्वतःसाठीच. मी ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून मी सगळ्या बायांना गाठलं आणि कापड पार्बताबाईंकडूनच घेऊ या म्हणाले. मैनाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "साधनाताई, अमरावतीचं दुकान दाखोलं कोनं मले? तुमीच ना?" खरं होतं. तिने जाऊन चार मीटर घेतलं. आणखी दोघी आल्या. बाकीच्यांचं शिकून झालं होतं, कापड घरपोच येत होतं, त्यांना आता पूल ओलांडायचंच कारण नव्हतं. मी स्वतः एक पूर्ण ठाण मागितलं. पार्बताबाईंनी चार मीटर फाडलं आणि ठाण परत गुंडाळून ठेवलं. तुमची गोधडी चार मीटरची आहे, म्हणाल्या. भिजवण्याचे, शिकवण्याचे काहीतरी घ्या म्हणून मी आग्रह केला, तर त्यांनी विषयच बदलला.

स्वस्त घेणं हा गुन्हा आहे असं मी म्हणत नाही. चाळीस रुपये वाचवणाऱ्या बाईला नावं ठेवायला मी कोण? पण मी शिकले एका ओट्यावर आणि पैसे दुसऱ्याच गावात मोजले. कापडावर हात फिरवायला, रंग जुळवायला, चुकलेला टाका उसवून घ्यायला मला पार्बताबाई हव्या होत्या. फक्त विकत घ्यायची वेळ आली की नको होत्या. हे मी तेव्हाच सरळ शब्दांत स्वतःला सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

दसऱ्याला श्याम आला. त्याने सांगितलं की वर्षभरापासून दुकानाच्या खोलीचं भाडं तो देत होता. आई त्याला आणखी थोडं चालू दे म्हणत होती, पण आता त्याच्याकडूनही होत नव्हतं. पार्बताबाईंनी त्या वेळी पुढच्या दसऱ्याचं नाव काढलं नाही.

श्यामने दारावर अर्ध्या किमतीचा कागद लावला. शेवटच्या चार दिवसांत दुकानात उभं राहायला जागा नव्हती. वर्षभर न दिसलेल्या बाया आल्या, पिशव्या भरभरून घेऊन गेल्या, पार्बताबाईंचे हात धरून रडल्यासुद्धा. एक कोरं ठाण भिजवायचं राहून गेलं होतं आणि नळाला दोन दिवस बाकी होते. एक बाई म्हणाली, तसंच द्या की, आणखी दहा रुपये कमी करा.

"न भिजवता नाई देत," पार्बताबाई म्हणाल्या.

त्या बाईने समजावलं, श्यामने समजावलं. त्यांनी ते ठाण उचलून आपल्या सामानात ठेवलं.

पार्बताबाई श्यामसोबत अमरावतीला गेल्या, त्यानंतर अकरा दिवस अदिती खोलीबाहेर आली नाही. ताट दाराशी ठेवायचं, अर्धं भरलेलं परत न्यायचं. माझं मला कळत होतं की हे माझ्या हाताने झालेलं आहे, आणि तिलाही ते माहीत होतं. ती मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

बाराव्या दिवशी सकाळी ती आंघोळ करून स्वयंपाकघरात आली. अमरावतीला जाऊन येते म्हणाली. मी म्हटलं, मी येते सोबत. नको म्हणाली. बसने अडीच तास, त्यात पुण्याहून आल्यापासून ती एकटी बसमध्ये बसलेली नाही. मी चार फोन केले. तिने एक उचलला, गोंगाट आहे, नंतर बोलते म्हणून ठेवला.

संध्याकाळी सातला परत आली आणि जेवताना आपणहून बोलली. पार्बताबाई तिसऱ्या मजल्यावर राहतात. नळाला पाणी आहे, कपडे धुवायचं यंत्र आहे, सून चांगली आहे, नातू आजीजवळ झोपतो. घरात सगळ्यांना विकतची पातळ पांघरुणं आहेत. ते कोरं ठाण माळ्यावर तसंच होतं. "त्या दिवसभर गॅलरीत बसतात, आई," ती म्हणाली. "त्यांना कोणी काही विचारत नाही." दोघींनी मिळून ते ठाण खाली काढून भिजत घातलं होतं.

आता ती दर शुक्रवारी जाते. पूर्ण बरी झाली असं मी म्हणणार नाही. मागचा एक शुक्रवार चुकला, ती उठलीच नाही, आणि तो दिवस माझा कसा गेला ते माझं मला माहीत. पण या शुक्रवारी गेली. नऊची बस असते. मी स्टँडवर यायचं नाही आणि पोचेपर्यंत फोन करायचा नाही, अशी तिची अट आहे. साडेअकरापर्यंत मी फोन स्वयंपाकघरात ठेवते आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसते.